फिरकीचा तांब्या

तपासणीच्या पट्ट्यावरून तांब्या आत गेला, मधेच थांबला आणि उलटा परत आला. पलीकडच्या वर्दीतल्या मुलीनं तो दोन्ही हातांनी उचलला, कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं. "बाबा, इसमें क्या है?" "पानी है. घर का है," बद्रीनाथ नाना म्हणाले. "बोतल होती तो चल जाता. पीतल के अंदर का मशीन में दिखता नहीं. खाली करके लाइए." ती वाईट बोलली नव्हती, नातीनं आजोबाला समजवावं तशीच बोलली. मागं रांग खोळंबली होती. नानांनी तिथंच उभ्यानं झाकणाची फिरकी फिरवली. ती नेहमीसारखी करकरली, आणि एवढ्या मोठ्या लखलखीत जागेत तो आवाज किती उघडा वाटला! दोन-चार घोट त्यांनी घाईघाईनं घेतले, ठसका लागला, मग हात धुवायच्या जागी जाऊन उरलेलं पाणी ओतून दिलं. पांढऱ्या बेसिनात ते गोल फिरत खाली गेलं. नाना हलका तांब्या हातात घेऊन उभे राहिले. घरचं पाणी, असं आपण त्या पोरीला सांगितलं. घर म्हणजे ऋषीचं, हैदराबादचं, नवव्या मजल्यावरचं. पाणी म्हणजे भिंतीवरच्या यंत्रातून गाळून आलेलं. वडीगोद्रीच्या मळ्यातल्या विहिरीशी त्याचं काही नातं नव्हतं. तरी ते आपलं होतं, कारण ते लेकाच्या घरचं होतं. आणि आता लेकीच्या घरी जाताना तांब्या कोरडा होता.

विमान लहान होतं. पंखांना फिरते पंखे लावलेलं, चढावर टेम्पो थरथरावा तसं थरथरणारं. नाना मुंबईला चालले होते, पुतण्याच्या मुलीच्या लग्नाला. मधे चिकलठाण्याला उतरायचं, संध्याकाळी दुसऱ्या विमानात बसायचं. "मधे सात तास थांबायचंय नाना, मीनाताई येतील घ्यायला," सून अर्पिता म्हणाली होती, आणि म्हणताना उगीच तांदूळ निवडत खाली बघत राहिली होती. शेजारच्या खुर्चीवर जाफराबादचा कोणी मच्छिंद्र म्हणून कापसाचा व्यापारी बसला होता. पट्टा बांधायच्या आधीच त्यानं गाव, पावसापाणी, लेकरंबाळं सगळं विचारून घेतलं. "मुंबईला? मंग हिकडून कामून?" "तिकीटच असं निघालं." "अहो, हैदराबादहून मुंबईला सरळ विमानं हायेत की, एष्टीवानी, एकामागं एक! तुमचं म्हंजे जाफराबादहून भोकरदनला जायला बुलढान्याला वळसा घातल्यासारखं झालं. कोनी काढलं तिकीट?" "पोरानं." "इंजेनेर हाये म्हनता ना?" मच्छिंद्र हसला आणि हसता हसताच झोपी गेला. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. खाली वैशाखातली उघडी रानं होती, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. चूक नव्हती तर. कोणी तरी हे सात तास मुद्दाम काढून ठेवले होते. आणि ते कोणी, हे कळायला इंजिनिअर व्हायला लागत नव्हतं.

तांब्या त्यांनी मांडीवर धरला होता. हवाईसुंदरीनं तो पायाशी ठेवायला लावला, तरी त्यांचा हात सारखा खाली जाऊन त्याला चाचपत होता. अंबडला मत्स्योदरीच्या जत्रेतून त्यांच्या बायकोनं, उषाबाईनं तो आणला होता, मीनाचं लग्न झालं त्या वर्षी. "जाल न आता लेकीकडं? मंग ह्याच्यात पाणी न्या. घसा कोरडा करून बसू नका बापासारखं." नानांचा बाप असाच होता. आत्या अंतरवाली सराटीला दिलेली. तिच्याकडं जाताना म्हातारा गावाच्या शिवेवरच्या विहिरीला पोटभर पाणी पिऊन घ्यायचा, दिवसभर तिच्या ओसरीवर बसायचा, आणि पुन्हा शिवेवर येऊन प्यायचा. लेक दिली की तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, देणाऱ्यानं फक्त द्यायचं. नातवंडाचं तोंड दिसलं की मग पाणी मोकळं होतं. आत्याला भिवा झाला तेव्हा म्हातारा नव्या धोतरात गेला, आत्यानं भरलेला पेला त्यानं एका दमात रिकामा केला, आणि दोघं बापलेक ओसरीवर हसत बसले. लहान असताना नानांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या पेल्याच्या काठावरून घरंगळलेला थेंब बापाच्या मिशीत अडकला होता, तोही त्यांना आठवत होता. पुढं आत्या साऱ्या गावाला अभिमानानं सांगायची, माझा बाप पाण्याचा पक्का. म्हणून नानांना ते कधी कडक वाटलंच नाही. आपण आपल्या लेकीसाठी तहान धरून बसायचं आणि एक दिवस तिनं ती भागवायची, यात त्यांना मायाच दिसत होती. त्यांनीही तसाच पेला मनाशी ठरवून ठेवला होता. फक्त तो दिवस यायला उशीर होत होता.

उशीर. इतकी वर्षं हाच शब्द. जालन्याला मीनाच्या घरी गेलं की ती पाय धुवायला पाणी द्यायची, ते चालत होतं. मग नाना खुर्चीवर बसायचे, घाम पुसायचे आणि फिरकी उघडायचे. जावई कल्याण थट्टेनं म्हणायचा, "मामा, फिरकी वाजली की आमच्या गल्लीला कळतं सासरे आले म्हनून." सगळे हसायचे. मधे एकदा मीनाला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यात गेले. तेव्हा नाना धावत भेटायला आले होते. ऊन होतं, तहान होती, लेक पलंगावर भिंतीकडं तोंड करून निजली होती, आणि तिच्या उशाशी बसून आपण काय केलं होतं? फिरकी उघडली होती. दुसरं काय करणार, तहान लागली होती. हे आज विमानात आठवलं आणि पाठीला खुर्ची टोचायला लागली. उषाबाई शेवटच्या दुखण्यात मीनाकडंच होती, जालन्याचा दवाखाना जवळ म्हणून. नाना भेटायला गेले तर ही बया पलंगावर बसून मीनाच्या हातचं पाणी पीत होती. "मी पेते बरं का. औषध कोरडं गिळू का?" मग मीना आत गेलेली पाहून ती हळूच म्हणाली होती, "तुम्ही फिरकी उघडता न, तव्हा ती आत जाती. कव्हा पाह्यलं का?" नानांनी पाहिलं नव्हतं. पुढं पाहायचं ठरवलं, आणि उषाबाईच्या जाण्यात ते राहून गेलं. मग जमीन बटईनं देऊन ते ऋषीकडं गेले, जालना लांब पडलं, आणि मीना टेलिफोनवरच्या आवाजाएवढीच उरली.

चिकलठाण्याला बाहेर येताच झळ अंगावर आली. रेलिंगपाशी मीना उभी होती. भांगात पांढरं दिसत होतं. आपली लेक एवढी मोठी कधी झाली, असं मनात येईपर्यंत ती पाया पडून उभीसुद्धा राहिली. तिची नजर पहिली तांब्यावर गेली. मग तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "घ्या नाना. आत्ता समोरच्या दुकानातून घेतली. झाकन मोडलेलं न्हाई, पाहून घ्या." नानांनी बाटली घेतली. झाकण कट्‌कन मोडलं. पाणी गारेगार होतं आणि घशातून उतरताना खरवडत गेलं. "तांब्या रिकामाच दिसतो?" "वतायला लावलं." "कोनी?" "सरकारनं." ती हसली, अगदी उषाबाईसारखी, आधी नाकातून आणि मग तोंडानं. "बरं झालं, कोनी तरी भेटलं तुम्हाला वरचढ."

गाडी तिचीच होती, चालवतही तीच होती. पंचायत समितीत नोकरीला लागल्यावर शिकली. करमाड मागं गेलं. रस्त्याच्या कडेच्या मोसंबीच्या बागा उन्हानं पिवळ्या पडल्या होत्या, एके ठिकाणी टँकर लावून पाणी देत होते. ती समोर बघत बोलायला लागली. "तिकीट मीच असं काढायला लावलं. ऋषी न्हाई म्हनत होता, नानांना तरास होईल म्हने. मीच म्हनलं, काढ." "कळलं ते मला. इमानात एक जाफराबादचा भेटल्ता." "फोनवर सांगायचं नव्हतं मला." तिनं एक ट्रक पुढं जाऊ दिला. "आम्ही थांबलो नाना. दवाखाने, गोळ्या, सगळं बंद केलं. डागदर म्हनल्या, आता वय न्हाई. कल्यान पन म्हनले, बास. रडून झालं माझं, आता रडून न्हाई राह्यले. पन तुम्ही तिकडं वाट पाहून राह्यले, मला ठाऊक हाये. एक माणूस कोरड्या घशानं आपल्यासाठी बसून हाये, ह्याचं लई ओझं होतं. तुम्ही बी सोडून द्या आता." नाना खिडकीबाहेर बघत होते. काही तरी बोलायला हवं होतं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता, पण ती गाडी चालवत होती. "बराबर," ते म्हणाले. एवढंच निघालं. बाजारात भाव ठरल्यावर म्हणतात तसं. पुढं बदनापूरपर्यंत तो एक शब्द गाडीत माशीसारखा फिरत राहिला.

घरापाशी पोहोचतात तोच शेजारची यशश्री गच्चीवरून ओरडली, "मीनावहिनी, नळ आला! जल्दी करा, धार बारीक हाये!" जालन्यात नळ आला म्हणजे पाहुणा, देव, सगळं बाजूला. मीनानं पर्स खाटेवर फेकली, ओचा खोवला. "नाना, तुम्ही बसा, पंख्याखाली बसा." नाना बसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि नळीचं टोक हातात घेतलं. टाकी, ड्रम, हंडे, मग कळशी, मग स्वयंपाकघरातला माठ. ती भांडं सरकवायची, ते नळी धरायचे. मळ्यात दारं धरायचे तसं, एक वाफा भरला की दुसरा. लहानपणी हीच पोर वाफ्याच्या टोकाला उभी राहून ओरडायची, "नाना, भरलं!" आताही ती तसंच म्हणाली, "भरलं, नाना!" आणि दोघं एकमेकांकडं बघून थबकले. बोटं गार पडली होती, बाह्या भिजल्या होत्या. इतक्या वर्षांत या घरातल्या पाण्याला त्यांचा हात लागला नव्हता. मनात एक चोर येऊन बसला. हे पाणी आपण भरलं, आपल्या कष्टाचं, मग हे प्यायला काय हरकत? पण ती पळवाट होती आणि नानांना ती ओळखता येत होती. इतक्यात नळी उसळली आणि एक फवारा तोंडावर आला. ओठांवर पाणी आलं. आणि नानांनी काय केलं, तर खांदा वर करून सदऱ्याला ओठ पुसले. ठरवून नव्हे. डोळ्यात केर गेला की पापणी मिटते, तसे पुसले. मीना समोर हंडा धरून उभी होती. तिनं पाहिलं. हंडा खाली ठेवून आत गेली.

ती आत जाती, कव्हा पाह्यलं का? आज पाहिलं. पाठ ताठ, पावलं सावकाश, कोणी ओरडलं नाही, भांडं आपटलं नाही. इतकी वर्षं ती अशीच आत जात असेल आणि आपण घोट घेत असू. नळीतून पाणी मोरीत वाहून चाललं होतं, ते बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. शेवटी यशश्रीच वरून ओरडली, "आजोबा, पाणी!"

दुपारी कल्याण जेवायला आला. वीज मंडळात असलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. "रामराम मामा! आज फिरकी वाजली न्हाई, मला वाटलं इमान चुकलं का काय." मीनानं दोन ताटं केली. नानांच्या पुढं सोललेली मोसंबी, केळी आणि ती बाटली ठेवली. "फळं मंडीतूनच आनली हायेत," ती म्हणाली, "बाहेरचंच हाये सगळं." हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. शेंगदाण्याच्या चटणीचा, आमटीचा वास येत होता. मला पण वाढ, एवढे तीन शब्द होते. नाना ते जिभेवर घोळवत होते आणि मोसंबीची फोड दाताखाली कडू लागत होती. का निघत नाहीत? लोक काय म्हणतील, याचं आता काही नव्हतं, म्हणणारे सगळे गेले होते. मग हळूहळू त्यांना आपल्याच मनाचा तळ दिसायला लागला, विहीर उपसताना दिसतो तसा. आज इथं पाणी प्यायलो तर आपणही थांबलो असं होईल. तिला लेकरू होणार नाही, हे बापानं सुद्धा कबूल केलं असं होईल. जोवर आपला घसा कोरडा आहे तोवर ते न झालेलं नातवंड कुठं तरी वाटेवर आहे, अजून शिवेवर असेल, संध्याकाळपर्यंत पोहोचेल. आपण त्याच्यासाठी दार उघडं ठेवून बसलो होतो. आणि त्या उघड्या दारातून इतकी वर्षं झळ येत होती ती मीनाच्या अंगावर.

"मामा, खाऊन घ्या, तोंड कामून असं केलं?" कल्याण म्हणाला. "मोसंबी कडू हाये." "मोसंबीला काय बोल लावता, बिया चावल्या तुम्ही."

निघायच्या वेळी मीनानं तांब्या उचलला. नाना बघत होते. तिनं तो खळखळून धुतला आणि माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरला. "परवासाला रिकामा तांब्या नेऊ नये. माय म्हनायची," ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "पिऊ नका, पन असू द्या संगं." तिनं फिरकी लावली. लावताना ती करकरली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ती फक्त उघडताना करकरायची. गाडीत तांब्या पुन्हा मांडीवर होता, पण आता जड, गार, आणि पितळेला बाहेरून दव सुटून धोतर ओलं होत होतं. मांडीवर लेकरू निजावं तसं ते वजन होतं. बदनापूर, करमाड उलट्या क्रमानं आले. ऊन तिरपं झालं होतं. मीना कचेरीतल्या साहेबाच्या गमती सांगत होती, आणि नाना हुंकार देत होते, आणि सात तास संपत आले होते.

विमानतळाच्या दारापाशी बंदूकवाला शिपाई तिकीट बघत होता. नाना रांगेत उभे राहिले. मीना रेलिंगच्या अलीकडं थांबली. मग तिला एकदम आठवलं. "नाना, ते आत वतायला लावतील न?" "लावतील." "मंग मला भरू कामून दिला?" नानांनी मागं वळून बघितलं. रांग पुढं सरकत होती. पांढरं बेसिन त्यांच्या डोळ्यांपुढं आलं, त्यात गोल फिरत जाणारं पाणी. सकाळचं यंत्राचं होतं, ते गेलं. हे तिनं भरलं होतं. ते रांगेतून बाहेर पडले, पिशवी खाली ठेवली आणि तिच्यासमोर फरशीच्या कडेला उकिडवे बसले. हे दार कोणाचंच घर नाही, इथं चालतं, असं मनाशी म्हणता आलं असतं. त्यांनी म्हटलं नाही. तांब्या तिच्या हातात दिला आणि ओंजळ केली.

"घाल."

मीनाला आधी समजलंच नाही. मग तिनं फिरकी फिरवली. ती करकरली. पण या वेळी तो आवाज तिच्या हातून झाला होता, आणि ती कुठं आत गेली नाही, तिथंच उभी राहिली. धार ओंजळीत पडली. पाणी मचूळ होतं, जालन्याचं असतं तसं, आणि त्याला माठाच्या मातीचा वास होता. नाना पीत होते. कोपरांवरून ओघळ जात होते, सदरा भिजत होता, येणारी-जाणारी माणसं वळसा घालून जात होती. पुरे म्हणायला मान हलवायची असते, ती त्यांनी हलवली नाही. डोळे मिटून पीत राहिले. कुठं तरी शिवेवर उभं असलेलं कोणी तरी हळूच मागं फिरलं आणि दिसेनासं झालं. त्याला त्यांनी जाऊ दिलं. तांब्या रिकामा झाला तशी मीनाची धार तुटली, आणि तिनं पदरानं त्यांची मिशी पुसली, लेकराचं तोंड पुसतात तशी.

"हा ठेव तुझ्यापाशी," नाना उठताना म्हणाले.

"मायचा हाये, नाना."

"म्हनूनच. मला कशाला लागल आता? आन ऋषीला सांग, येतानाचं तिकीट बी हिकडूनच काढ म्हनावं. पन सात तासाचं नको. जास्तीचं काढ. ते आमटीचं कालवन मला मिळालंच न्हाई."

"मोसंबी खाल्ली न पन," ती म्हणाली, आणि आधी नाकातून हसली, मग तोंडानं, मग ते हसणं राहिलं नाही. तांब्या छातीशी धरून ती उभी होती.

नाना आत गेले. पट्ट्यावर पिशवी ठेवली. ती यंत्रातून सरळ पार गेली, थांबली नाही. पलीकडच्या शिपायानं त्यांचा भिजलेला सदरा वरपासून खालपर्यंत बघितला. "बाबा, पाणीबिणी काही हाये का संगं?"

"न्हाई," नाना म्हणाले. "पिऊन आलो."